दंड तिजोरीत, नुकसान कणगीत



बैठक सास्तूरला आहे, तेव्हा सुरुवात सास्तूरपासूनच करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या गावाने जे भोगले ते इथल्या माणसांना सांगण्याची गरज नाही. त्या पहाटेबद्दल कोणावर दावा लावता आला नाही. धरणीला आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे करणार? मदत आली, सरकारची आली, देशोदेशींची आली. ती मदत होती, भरपाई नव्हती. मदत देणाऱ्याच्या मर्जीने येते. भरपाई घेणाऱ्याच्या हक्काने येते. या दोन शब्दांतला फरक आज नीट समजून घ्यायचा आहे, कारण तो फरक पुसून टाकण्याचे काम जगभर चालू आहे आणि ते फार शहाण्या, फार सभ्य शब्दांत चालू आहे.

सरकी टोबली आणि उगवली नाही. उगवली तर बोंड धरले नाही. बोंड धरले तर आत अळी निघाली. फवारणी करणारा गडी संध्याकाळी डोळे चोळत दवाखान्यात गेला. दरवेळी आपल्याला एकच उत्तर मिळते, "निसर्गापुढे कोणाचे चालते?" भूकंपाला हे उत्तर चालेल. पण बियाणे कोणीतरी तयार केले आहे, पाकिटात भरले आहे, त्यावर छाती ठोकून चित्र छापले आहे आणि नफा घेऊन विकले आहे. नफा घेताना माणूस आणि नुकसान देताना निसर्ग, असा हा व्यवहार आहे.

ढोर आणि दोरी

दुसऱ्याच्या चुकीने आपले नुकसान झाले तर ते त्याच्याकडून भरून मागण्याचा जो हक्क, त्याला वकील लोक टॉर्ट म्हणतात. मराठीत अपकृत्य. शब्द परका असला तरी गोष्ट गावाला नवी नाही. शेजाऱ्याची म्हैस रात्रीची सुटली आणि हुरड्यात आलेली ज्वारी खाऊन गेली, तर पाच माणसे बांधावर जातात, किती ताटे मोडली ते बघतात आणि म्हशीचा मालक भरून देतो. नाहीतर म्हैस कोंडवाड्यात जाते. यात कोणाला तुरुंगात घालायची भाषा नसते. मोडले त्याने भरावे, इतकेच.

आता समजा तो मालक म्हणाला, "माझी जबाबदारी फक्त म्हशीच्या गळ्यातल्या दोरीच्या किमतीपुरती आहे. दोरी तुटली म्हणून म्हैस सुटली. घ्या दोरीचे पैसे." गाव त्याला हसेल. पण हेच वाक्य अनेक बियाणे पाकिटांवर बारीक अक्षरात छापलेले असते: कंपनीची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती मर्यादित. तिथे कोणी हसत नाही, कारण तिथपर्यंत कोणाची नजर पोचत नाही.

हिशोब करून बघा. २०२५-२६ साठी बीजी-दोन कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरली होती. एकराला दोन पाकिटे धरली तर १,८०२ रुपये. कोरडवाहू एकरात चारच क्विंटल कापूस धरा. मध्यम धाग्याच्या कापसाचा त्याच वर्षाचा हमीभाव ७,७१० रुपये होता, म्हणजे ३०,८४० रुपये झाले. दोरीची किंमत १,८०२ आणि खाल्लेल्या पिकाची ३०,८४०, म्हणजे सतरा पट. खत, फवारणी, निंदणी, खुरपणी आणि गेलेला हंगाम हे वेगळेच. सगळे भांडण या सतरा पटीचे आहे. बाकी सगळी शब्दांची सजावट आहे.

गरम कॉफीची गोष्ट

ही सजावट कशी करतात ते शिकायचे तर अमेरिकेकडे बघावे लागते. तिथे १९८६ साली अमेरिकन टॉर्ट रिफॉर्म असोसिएशन नावाची संघटना निघाली. उद्योगधंद्यांच्या पाठबळाची संघटना. राज्याराज्यांत तिच्यासारख्या आघाड्या उभ्या राहिल्या. मागणी एकच: भरपाईच्या दाव्यांना आवर घाला, रकमेवर कमाल मर्यादा घाला, न्यायालये "समतोल" करा. ही संघटना २००२ पासून एक अहवाल छापते आणि त्यात ज्या ठिकाणची न्यायालये कंपन्यांना जड जातात त्यांची यादी "न्यायालयीन नरकपुऱ्या" म्हणून देते. नुकसान झालेल्या माणसाला जिथे दाद मिळते ते ठिकाण म्हणजे नरक. शब्दांची निवड बघून ठेवा.

या मोहिमेला एक गोष्ट फार उपयोगी पडली. १९९२ साली ७९ वर्षांच्या एका म्हातारीच्या मांडीवर मॅकडोनाल्डच्या दुकानातली कॉफी सांडली आणि १९९४ साली ज्यूरीने तिला लाखो डॉलर द्यायला सांगितले. "बघा, कॉफी सांडली म्हणून लाखो डॉलर! न्यायालयांना वेड लागले!" अशी आरोळी देशभर घुमली. जे सांगितले गेले नाही ते असे: म्हातारीची कातडी खोलवर जळाली होती, कातडीचे रोपण करावे लागले होते. तिने आधी सुमारे २० हजार डॉलर मागितले होते आणि कंपनीने ८०० देऊ केले होते. त्या कॉफीने भाजल्याच्या शेकडो तक्रारी कंपनीकडे आधीच पडून होत्या. ज्यूरीची रक्कम न्यायाधीशांनी स्वतःच पुष्कळ कमी केली आणि शेवटी प्रकरण आपसात मिटले. म्हणजे तराजू ठीक चालला होता. पण गोष्ट पसरली ती अर्धीच, आणि अर्ध्या गोष्टीवर राज्याराज्यांत कायदे बदलले.

आपल्याकडेही अशी अर्धी गोष्ट आहे. "शेतकरी पेरतो निष्काळजीपणे आणि पावसाचा दोष कंपनीच्या गळ्यात मारतो." ती तुम्ही चहाच्या टपरीवरही ऐकली असेल. ती तिथे आपोआप आलेली नाही.

लेबलाचे चिलखत

आता शेतीच्या जवळ या. मोन्सॅन्टो ही कंपनी २०१८ साली जर्मनीच्या बायरने विकत घेतली. बीटी कापसाचे तंत्र आपल्याकडे २००२ साली आले ते याच मोन्सॅन्टोचे. तिच्या राउंडअप या तणनाशकाने कर्करोग झाला असे सांगत अमेरिकेत हजारो लोकांनी दावे लावले. कंपनी हे नाकारते, तरीही २०२० साली तडजोडींसाठी तिने एक हजार कोटी डॉलरच्या आसपास रक्कम बाजूला काढण्याची घोषणा केली. मग २०२४ साली बायरच्या पुढाकाराने मॉडर्न अॅग अलायन्स नावाची आघाडी निघाली आणि तिने राज्याराज्यांतल्या विधानसभांचे दरवाजे ठोठावले. मागणी साधी दिसते: केंद्र सरकारच्या खात्याने औषधाच्या लेबलाला मंजुरी दिली असेल तर "धोक्याची सूचना दिली नाही" असा दावा कंपनीवर लावता येऊ नये. २०२५ साली नॉर्थ डकोटा आणि जॉर्जिया या दोन राज्यांनी असे कायदे केले. आयोवात विधेयक वरच्या सभागृहात मंजूर झाले, पण खालच्या सभागृहात अडले.

सगळ्यात कडू गोष्ट पुढेच आहे. त्या आघाडीच्या यादीत शेतकऱ्यांच्या संघटनांची नावे आहेत. "शेतकऱ्याला औषध मिळत राहावे म्हणून" असे त्यांच्याकडून बोलवून घेतले जाते. उद्या आपल्या जिल्ह्यात कोणी छापील निवेदन घेऊन आले आणि "शेतकऱ्यांच्या हितासाठी" म्हणत सही मागू लागले, तर सही करण्याआधी एवढेच विचारा की या निवेदनाच्या छपाईचे पैसे कोणी दिले?

लेबलाचे हे चिलखत आपण यवतमाळला पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात त्या एका जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पहिले उत्तर काय आले? हातमोजे घातले नव्हते, तोंडाला फडके नव्हते, लेबलावर सगळे लिहिले होते. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याच्या वर गेलेल्या कापसात, मजुरीने फवारा मारणाऱ्या माणसाने बारीक अक्षरातली सूचना वाचायची आणि रबरी पोशाख घालायचा, असे ज्याने लिहिले त्याने आपला कापूस कधी पाहिला होता काय? त्यातल्या दोघांच्या विधवांना आणि वाचलेल्या एकाला २०२० साली थेट स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सिंजेंटा कंपनीविरुद्ध कायद्याची लढाई सुरू करावी लागली. कंपनीने दोष नाकारला. खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण यवतमाळच्या विधवेला न्यायासाठी बाझेल गाठावे लागते, यातच आपल्या तराजूचे माप दिसते.

आपल्याकडचा तराजू

आपला बियाणे कायदा १९६६ चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? ५०० रुपयांपर्यंत. पुन्हा केला तर १,००० रुपयांपर्यंत, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि ज्याचे शेत बसले त्याला काय? त्या कायद्यात त्याच्यासाठी एक पैसाही नाही. तो फार तर साक्षीदार.

महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्यासाठी वेगळा कायदा केला आणि त्यात भरपाईची वाट ठेवली. तिची परीक्षा २०१७ च्या हंगामात झाली. गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर अधिवेशनात सरकारने जाहीर केले: कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. टाळ्या झाल्या. पण रकमेची फोड बघा. कोरडवाहूच्या ३०,८०० पैकी ६,८०० आपत्ती निधीतून, ८,००० पीक विम्यातून आणि सर्वात मोठा वाटा, १६,००० रुपये, बियाणे कंपन्यांकडून. आपण "जी" नमुन्याचे अर्ज भरले, झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लावल्या. सरकारी भाग हप्त्याहप्त्याने आला. कंपन्यांनी मात्र हिशोब मान्य केला नाही. अळीला प्रतिकारशक्ती आली, त्यात बियाण्याचा काय दोष, असे त्यांचे म्हणणे. ज्या पैशावर कोणाची सही नव्हती तो पैसा सरकारने आपल्या घोषणेत धरला होता.

मी शेतीचा पदवीधर आहे, म्हणून कंपनीच्या म्हणण्यातले खरे तेवढे खरे म्हणतो. अळीला प्रतिकारशक्ती येते, हे शास्त्र आहे. पण ती एका रात्रीत येत नाही. ती येत आहे हे आधी कोणाला कळते? ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत त्यांना. कळल्यावर जाहिरातीतला "बोंडअळीपासून संरक्षण" हा शब्द काढला काय? पाकिटाची किंमत उतरवली काय? दोष बियाण्यात नसेल, पण हमी देऊन विकण्यात तर आहे.

पुढे २०२३ साली राज्याने बोगस बियाणे, खते, औषधे यांच्याविरुद्ध पाच विधेयके आणली. त्यातल्या एकात विक्रेत्यांना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या पंक्तीत बसवून स्थानबद्ध करण्याची सोय होती. दुकानदारांच्या माफदा या संघटनेने नोव्हेंबरात तीन दिवस कृषी केंद्रे बंद ठेवली. त्यांचे म्हणणे होते, आम्ही कंपनीचे सीलबंद पाकीट विकतो, आत काय आहे ते आम्हाला कसे कळणार?

त्यांचे हे म्हणणे मला पटते. दुकानदाराला तुरुंगात घातल्याने आपल्या रानात एक बोंडही येत नाही. उलट लोहाऱ्याच्या दुकानदाराला पुढे करून कंपनी मागे सुरक्षित राहते. "कडक कायदा" ही सरकारची हौस आहे, आपली मागणी नव्हे.

दुसऱ्या बाजूला उद्योगपतींच्या संघटना वर्षानुवर्षे मागत आल्या की धंद्याच्या कायद्यांतली कैदेची कलमे काढा, दंड ठेवा. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या अशा तरतुदी बदलल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी मांडला. त्यात मोठ्या गुन्ह्याला ३० लाख रुपयांपर्यंत दंड होता. पाचशेवरून तीस लाख! ऐकायला बरे वाटते. पण दंड कोणाच्या खिशात जातो? सरकारच्या. एकाला तुरुंग हवा, दुसऱ्याला दंड हवा, आणि या वादात ज्याची कणगी रिकामी राहिली त्याचे नाव कोणीच घेत नाही. दंड तिजोरीत, नुकसान कणगीत.

माझा एक पंचनामा

समतोलाची भाषा मीही केली आहे. परभणीहून पदवी घेऊन बाहेर पडलो आणि काही वर्षे एका बियाणे कंपनीत नोकरी केली. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. एका गावात सरकी उगवली नाही म्हणून तक्रार आली. पाहणीला मला पाठवले. मी रानात काडी घालून बघितले, दोन-तीन ठिकाणी बी खोल गेले होते, ओल कमी होती. मी लिहिले, "खोल टोबणी, अपुरा ओलावा." ते खोटे नव्हते. पण शेजारच्या रानात त्याच दिवशी, त्याच ओलीत, दुसऱ्या लॉटचे बी दाट उगवले होते. ते मी लिहिले नाही. लॉट नंबरचा रकाना मोकळा सोडला. शेतकऱ्याने अंगठा उठवला आणि मला चहा पाजला.

त्या चहाची चव अजून जात नाही. पण आज सांगतो ते पश्चात्तापासाठी नव्हे. न्यायालयात खटला हरतो तो बहुतेक वेळा न्यायाधीशापुढे हरत नाही. तो बांधावर, त्या मोकळ्या रकान्यात हरतो. २००५ साली हरियाणा बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याविरुद्ध निकाल दिला, कारण कृषी अधिकाऱ्याच्या अहवालात बियाणे सदोष असल्याचे कुठेच म्हटले नव्हते. न्यायालयाचे चुकले असे मी म्हणत नाही. कागदावर नसेल ते न्यायाधीश कुठून आणणार?

समतोल आधीच लिहिलेला आहे

"न्यायालये शेतकऱ्याच्या बाजूने झुकली आहेत, समतोल हवा" असे जे म्हणतात त्यांना कायदाच वाचून दाखवा.

१९९८ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स, म्हणजे आपल्या जालन्याच्या महिकोच्या प्रकरणात, आणि पुन्हा १६ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे मुद्दा होता: शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना तपासायला दिला नाही, मग दावा कसा? न्यायालय म्हणाले, शेतकरी बियाणे पेरायला घेतो, नमुना जपून ठेवायला नव्हे. त्याने सगळे पेरले यात त्याची चूक नाही. कंपनीकडे त्या लॉटचे बी असते, तिने तपासून घ्यावे. २०१२ च्या निकालाने हेही पक्के केले की बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा त्याची ग्राहक न्यायालयाची वाट अडवू शकत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा घ्या. सदोष मालाबद्दल उत्पादकाची जबाबदारी त्यात वेगळ्या प्रकरणात लिहिली आहे. विक्रेता केव्हा जबाबदार तेही लिहिले आहे: त्याने मालात फेरफार केला, स्वतःच्या तोंडाने वेगळी हमी दिली, किंवा माल कोणी बनवला हेच कळत नसेल तर. म्हणजे सरळ धंदा करणाऱ्या दुकानदारालाही संरक्षण आहे. मालाचा चुकीचा वापर केला तर ग्राहकाचा दावा टिकत नाही, हेही आहे. हा समतोल नाही तर काय आहे?

आणि आपल्या जिल्ह्याने स्वतः पाहिलेले उदाहरण. २०२० च्या खरिपात काढणीच्या तोंडावर पावसाने सोयाबीन कुजले. विमा कंपनी म्हणाली, ७२ तासांत कळवले नाही, पैसे मिळणार नाहीत. रस्ते पाण्याखाली, फोन बंद आणि ७२ तास! शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठाने बजाज अलियान्झ कंपनीला या जिल्ह्यातल्या सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि कंपनीने न दिल्यास राज्य सरकारने द्यावी असे सांगितले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, जाणारच. पण एक लक्षात घ्या. त्या निकालामागे कोणाची दया नव्हती. सरकारी पंचनामे होते, कागद होते आणि एकट्यादुकट्याने नव्हे, जिल्ह्याने मागितले होते.

म्हणून ज्याला उद्योगवाले "सुधारणा" म्हणतात ती कुठे होणार ते ओळखा. कायद्यातली ही कलमे कोणी उघडपणे खोडणार नाही. भरपाईला कमाल रक्कम लावतील. आधी समितीकडे, मग लवादाकडे, मग न्यायालयाकडे अशी पायरीपायरीची वाट करतील, की तिसऱ्या पायरीवर दुसरा हंगाम येईल. सरकारी मंजुरीचे लेबल हेच पुरेसे संरक्षण म्हणतील. यातले प्रत्येक वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटेल.

आता आपल्या चुका

दुसऱ्याला बोल लावताना आपल्याही पदरातले खडे मोजावेत. आपण पावती घेत नाही. उधारीवर माल घेतो आणि चिठ्ठीवर आकडा लिहून आणतो. पाकीट फाडून बांधावर फेकतो, ते वाऱ्याने जाते आणि त्याबरोबर लॉट नंबर जातो. तणनाशकाला दाद न देणारे बिनमंजुरीचे कापूस बियाणे आंध्र-तेलंगणातून, गुजरातेतून चोरून येते, ते रात्री बिनपावतीचे घेतो. ते फसले तर कोणाचे दार वाजवणार? ज्याला नाव नाही त्याच्यावर दावा नाही.

मोठ्या ज्वारीकडे बघा. मालदांडीचे बी आपण अजून घरचे राखतो. टपोरे कणीस निवडून, वाळवून, राख लावून ठेवतो. उगवले नाही तर दोष आपला आणि बोलायला जागा नाही. ते न्याय्यच आहे, कारण बी आपल्या हातात होते. संकरित कापसात बी आपल्या हातातून गेले, दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. बी ज्याच्या हाती गेले, जबाबदारीही त्याच्याच माथी गेली पाहिजे. बी कंपनीचे आणि जोखीम शेतकऱ्याची, ही वाटणी कोणत्याही धर्मकाट्यावर बसत नाही.

म्हणून या खरिपापासून प्रत्येक घरात हे व्हावे:

१. पक्की पावती घ्या. तिच्यावर पीक, वाण, लॉट नंबर आणि कंपनीचे नाव असलेच पाहिजे. उधारीचा माल असला तरी पावती मागण्याचा हक्क आहे. रान बाईच्या नावावर असेल तर पावतीही तिच्याच नावावर घ्या. उद्या तिला "तुमचा काय संबंध" असे ऐकावे लागू नये.

२. रिकामे पाकीट आणि टॅग सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. न्यायालय मागत नसले तरी मूठभर बी राखून ठेवा.

३. उगवण फसली की त्याच आठवड्यात तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार म्हणजे पाण्यावरची रेघ.

४. पंचनाम्याच्या वेळी शेजारचे दोन शेतकरी उभे ठेवा. लॉट नंबर लिहून घ्या. शेजारच्या रानात दुसरे बी उगवले असेल तर तेही लिहून घ्या. कारणाचा रकाना मोकळा असेल तर सही करू नका. सही म्हणजे काय हे मी आतून पाहिले आहे.

५. एका लॉटचे फसलेले सगळे शेतकरी एकत्र या. ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकाच कारणाची तक्रार अनेकांना मिळून करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवलाच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका.

बैठकीपुढील ठराव

पुढील ठराव सास्तूरच्या बैठकीपुढे ठेवीत आहे. चर्चा करा, दुरुस्त करा, पण मंजूर करूनच उठा.

एक. बियाण्याच्या कोणत्याही नव्या कायद्यात दंडाआधी भरपाई असावी. ती बियाण्याच्या किमतीवर नव्हे, बुडालेल्या पिकाच्या किमतीवर मोजावी.

दोन. भरपाईच्या रकमेला कमाल मर्यादा घालण्यास आणि सरकारी मंजुरीच्या लेबलाला दाव्यापासून संरक्षण मानण्यास या जिल्ह्याचा विरोध आहे.

तीन. जबाबदारी आधी कंपनीची, मग फेरफार करणाऱ्या विक्रेत्याची. सीलबंद पाकीट सरळ विकणाऱ्या दुकानदाराला तुरुंगात घालणे ही आमची मागणी नाही.

चार. पंचनाम्याची प्रत जागेवरच शेतकऱ्याच्या हातात मिळावी. तक्रार निकाली काढण्याची जी मुदत ग्राहक कायद्यात आहे, म्हणजे तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच, ती पाळली जावी आणि त्यासाठी आयोगातल्या रिकाम्या जागा भराव्यात.

पाच. आमच्या नावाने कोणी कंपनीधार्जिणे निवेदन दिले तर ते आमचे नाही, असे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

समतोल न्याय आम्हालाही हवा आहे. फक्त तराजू उचलण्याआधी दोन्ही पारड्यांखाली बघायचे. एका पारड्याखाली कोणाचा तरी हात आहे. तो काढा, मग काटा कुठे थांबतो ते बघू.

येताना मागच्या हंगामाची पावती आणि पाकीट सोबत आणा. ज्यांच्याकडे नसेल त्यांनीही यावे. त्यांच्यापासूनच सुरुवात करायची आहे.